पृथ्वीच्या पोटातला लाल रंग

भूगोलाच्या वर्गात एक तक्ता हमखास टांगलेला असतो. त्यावर पृथ्वीचा गोल कलिंगडाची फोड काढावी तसा कापून दाखवलेला असतो. बाहेर तपकिरी पट्टा, त्याच्या आत भडक लाल, मग नारिंगी आणि केंद्रापाशी पिवळाधमक गोळा. एका कोपऱ्यात शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी. त्याची नळी तपकिरी पट्टा भेदून थेट लाल भागात उतरलेली. चित्र देखणे असते, मुलांना ते आवडते आणि एकदा पाहिले की ते जन्मभर विसरले जात नाही. शेवटच्या कारणासाठीच एखाद्या पुस्तकाऐवजी या तक्त्याचे परीक्षण करावे असे आम्हाला वाटले. पुस्तक वर्षभर वापरून मूल पुढच्या इयत्तेत जाते. तक्ता मात्र त्याच भिंतीवर राहतो, आणि तो काय सांगतो याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

तक्ता न बोलता सांगतो ते असे: आपण एका पातळ कवचावर उभे आहोत, कवचाखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे आणि कवचाला भोक पडले की तो रस वर येतो, त्यालाच ज्वालामुखी म्हणतात. तक्त्यावर असे वाक्य कुठेही छापलेले नसते. पण लाल रंग आणि ती नळी यांतून दुसरा अर्थ निघूच शकत नाही. 'पृथ्वीचा अंतर्भाग तप्त व द्रवरूप आहे' हे उत्तर पाठ करून मुले गुण मिळवतात, त्याचे मूळही याच चित्रात आहे. यातला 'तप्त' हा शब्द बरोबर आहे. 'द्रवरूप' हा बहुतांशी चूक आहे.

गंमत अशी, की याच धड्यात पुढे भूकंपलहरींची माहिती येते. प्राथमिक लहरी घन आणि द्रव अशा दोन्ही पदार्थांतून जातात. दुय्यम लहरी फक्त घन पदार्थांतून जातात, द्रवातून जात नाहीत. मग एखादी चौकस मुलगी विचारते, "बाई, दुय्यम लहरी प्रावरणातून जातात असे पुस्तकात आहे. मग प्रावरण पातळ कसे?" प्रश्न बिनतोड आहे. ज्या वर्गात तो विचारला जातो त्या वर्गात विज्ञान नीट शिकवले जात आहे, असे आम्ही समजतो. पण उत्तर देताना बाईंची नजर तक्त्याकडे गेली, की गाडी अडते. "ते वरच्या वर्गात शिकवतील" असे म्हणून प्रश्न मिटवला जातो, आणि स्वतः विचार करून काढलेला निष्कर्ष चित्रापुढे लटका ठरतो, एवढे ती मुलगी शिकते. तक्त्याबद्दल आमची खरी तक्रार आहे ती ही. रंगाची चूक त्यामानाने किरकोळ.

या प्रश्नाचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे, पण तो वर्गात क्वचितच सांगितला जातो. १२ जून १८९७ रोजी आसाममध्ये प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला. दूरदूरच्या भूकंपमापकांवरील नोंदींतून त्यांनी प्राथमिक, दुय्यम आणि पृष्ठीय अशा तीन प्रकारच्या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. पुढे १९०६ मध्ये, पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या लहरींना पोचायला उशीर होतो यावरून पृथ्वीला वेगळा गाभा असला पाहिजे असे त्यांनी दाखवले. गाभा द्रवरूप आहे हे १९२६ मध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांनी मांडले, आणि त्या द्रवाच्या आत पुन्हा एक घन गोळा आहे हे १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी. आज आपल्याला माहीत असलेली मापे अशी आहेत: खंडांखाली भूकवच साधारण ३० ते ४० किलोमीटर, महासागरांखाली ६ ते ७ किलोमीटर, त्याखाली सुमारे २,८९० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण, तेही घन, मग सुमारे ५,१५० किलोमीटरपर्यंत बाह्यगाभा, हा द्रव, आणि केंद्रापर्यंत अंतर्गाभा, हा घन. म्हणजे पृथ्वीच्या पोटात एकच मोठा थर खरोखर पातळ आहे, तो लोखंडाचा आहे, आणि तो कोणत्याही ज्वालामुखीतून कधीही बाहेर येत नाही. ज्वालामुखीतून येतो तो वितळलेला दगड.

भूकंपमापक नव्हते तेव्हाही हा प्रश्न विचारता येत होता, आणि त्याचे एक उत्तर इतके सोपे आहे की ते नववीच्या वर्गात सहज सांगता येईल. १८६० च्या दशकात विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी भरती-ओहोटीचा आधार घेतला. समजा, पातळ कवचाखाली सगळा रसच आहे. मग चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी जसे फुगते तशी जमीनही कवचासकट फुगेल. पाणी आणि किनारा दोन्ही जवळजवळ सारखेच उचलले गेले, तर किनाऱ्यावर उभ्या माणसाला भरती दिसणारच नाही. पण भरती तर दिसते. मुंबईच्या किनाऱ्यावर ती कोणालाही पाहता येते. अर्थात पृथ्वी आतून चांगलीच ताठ असली पाहिजे. किती ताठ? केल्व्हिन यांचे उत्तर होते, काचेपेक्षा अधिक आणि बहुधा पोलादाइतकी. पुढे इंग्लंड, फ्रान्स आणि हिंदुस्थानातील बंदरांच्या भरतीच्या नोंदी वापरून हे गणित अधिक काटेकोर केले गेले. पृथ्वीच्या वयाबाबत केल्व्हिन यांचा अंदाज फसला हे प्रसिद्ध आहे. ताठपणाबाबतचा मात्र टिकला. हा युक्तिवाद वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे गुरूच्या एका चंद्राकडे तो पुन्हा लागणार आहे.

आता दोन शंका उरतात. प्रावरण घन असेल तर खंड सरकतात कसे? आणि घन असेल तर लाव्हा येतो कोठून?

पहिलीचे उत्तर रस्त्याच्या कडेला पडलेल्या डांबराच्या पिंपात आहे. डांबराच्या ढेपेवर हातोडा मारा, तिचे काचेसारखे तुकडे उडतात. तेच डांबर आडव्या पिंपात काही आठवडे राहिले, तर तोंडातून ओघळून बाहेर येते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात अशाच एका डांबरासारख्या पदार्थाचा प्रयोग १९२७ पासून चालू आहे. नरसाळ्यातून त्याचा नववा थेंब २०१४ मध्ये पडला. भूकंपलहरीचा धक्का सेकंदांचा असतो, त्याला प्रावरण घन भासते. कोट्यवधी वर्षांच्या ओढीला तेच प्रावरण, घन राहूनही, वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने वाहते. नखे वाढतात साधारण तितक्याच वेगाने. ही उपमा पूर्णपणे चपखल नाही, कारण डांबराला स्फटिक नसतात आणि प्रावरण स्फटिकांचेच बनलेले आहे. पण वेळ बदलली की घन-द्रव हा भेद कसा डळमळतो हे मुलांना यातून चांगले कळते.

दुसऱ्या शंकेला अधिक जागा द्यावी लागेल, कारण सर्वांत जास्त गोंधळ तेथेच आहे. खाणीत उतरताना तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. हाच हिशेब सरळ पुढे नेला, तर १०० किलोमीटर खोलीवर अडीच ते तीन हजार अंश होतात आणि कोणताही खडक वितळतो. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ विद्वानांनी हाच हिशेब केला होता. पण वाढीचा दर खाली कमी होत जातो आणि त्या खोलीवर प्रत्यक्षात सुमारे तेराशे-चौदाशे अंश असतात. जमिनीवर एवढ्या उष्णतेत हा खडक वितळू लागला असता. तेथे मात्र त्याच्यावर सुमारे ३० हजार वातावरणांचा दाब आहे. दाब वाढला की खडकाचा वितळणबिंदू वाढतो. (बर्फाचे याच्या उलट असते, दाबाने बर्फाचा वितळणबिंदू उतरतो. म्हणून येथे बर्फाचे उदाहरण देऊ नये.) कुकरमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपास उकळते, हे घरोघरी माहीत आहे. तेच गरम पाणी दाब एकदम कमी झाला की आच न वाढवताही उसळून उकळते. प्रावरणाचा खडक सावकाश वर चढतो तेव्हा असेच घडते. तो तापत नाही. त्याच्यावरचा दाब उतरतो आणि तो वितळू लागतो. महासागरांच्या मध्यातल्या पर्वतरांगांखाली आणि हवाई बेटांखाली शिलारस तयार होतो तो असा. उष्णता वाढवल्याशिवाय वितळणे ही कल्पना मुलांना नवी वाटते, म्हणूनच ती शिकवायला मजा येते.

वितळण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे पाणी. बर्फात मीठ घातले की बर्फ कमी तापमानालाच वितळतो, तसे तप्त खडकात पाणी शिरले की त्याचा वितळणबिंदू उतरतो. समुद्रतळाचा भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली जातो तेव्हा आपल्याबरोबर पाणी घेऊन जातो. जपान, इंडोनेशिया आणि आपल्या अंदमानातले बॅरन बेट यांच्याखाली हेच चालले आहे. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी दीर्घ विश्रांतीनंतर १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला, आणि त्यानंतर तो अनेकदा धुमसला आहे.

तरीही, वितळतो म्हणजे सगळा वितळतो असे नाही. उन्हाळ्यात डब्यातल्या रव्याच्या लाडवाचे तूप सुटते. रवा वितळत नाही; कणांच्या फटींतून तूप तेवढे पाझरते आणि डब्याच्या तळाशी जमते. प्रावरणातही बहुतेक ठिकाणी खडकाचा थोडासाच भाग वितळतो. जेथे भरपूर वितळतो तेथेही दहा-वीस टक्क्यांच्या घरात. फरक इतकाच, की तूप खाली जाते आणि शिलारस भोवतालच्या खडकापेक्षा हलका असल्याने वर येतो. लाडू आणि तूप हे जसे वेगळे पदार्थ, तसे प्रावरणाचा खडक आणि त्यातून सुटलेला बेसाल्ट हेही वेगळे. आपला सह्याद्री हे असे पाझरलेले तूप आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ते जमिनीच्या लांबच लांब भेगांतून आले, शंकूंतून नव्हे. महाराष्ट्रातल्या मुलाला तक्त्यावरचा शंकू दाखवताना ही गोष्ट सांगितली नाही, तर शाळेच्या खिडकीतून दिसणारा काळा कातळ आणि तो तक्ता यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे त्याला कधीच कळायचे नाही.

रंगाबद्दल बोलायचे तर, लाव्हाबरोबर कधीकधी प्रावरणाचे तुकडेही न वितळता वर येतात. कच्छमध्ये भूजच्या परिसरातल्या जुन्या ज्वालामुखी खडकांत ते सापडतात. ते हिरवे असतात. ऑलिव्हिन या खनिजामुळे त्यांना हा रंग येतो. त्याच खनिजाचा पारदर्शक खडा पेरिडॉट या नावाने दागिन्यात बसवतात. एवढ्या उष्णतेत खडक लालबुंद दिसेल, असे कोणी म्हणेल तर ते खरे आहे. पण मग अंतर्गाभाही घन असूनच पिवळाधमक दाखवला जातो हे विसरू नये. रंग तापमानाचा असेल तर तसे तक्त्यावर लिहावे. आम्हाला विचाराल तर आम्ही प्रावरण हिरवे रंगवू.

प्रमाणाचा दोष मात्र रंगापेक्षा मोठा आहे, आणि तो खडूने दूर करता येतो. फळ्यावर ६४ सेंटिमीटर त्रिज्येचा पाव गोल काढा. एक सेंटिमीटर म्हणजे १०० किलोमीटर. गाभा सुमारे ३५ सेंटिमीटरचा होईल आणि प्रावरण २९ चे. भूकवच खंडांखाली साडेतीन मिलिमीटर, समुद्राखाली पाऊण मिलिमीटरही नाही. खडूची रेघ त्याहून जाड असते. एव्हरेस्ट एक मिलिमीटरहून कमी. रशियातील कोला द्वीपकल्पावर १९८९ पर्यंत खणलेले १२,२६२ मीटरचे विवर सव्वा मिलिमीटर भरेल. ज्वालामुखीखालचे शिलारसाचे साठे बहुधा काही किलोमीटर खोल असतात, म्हणजे तेही रेघेतच. आणि शिलारस मुळात सुटतो ती जागा रेघेखाली एखादा सेंटिमीटर. तक्त्यावरची ती लांबलचक नळी या फळ्यावर काढून पाहावी म्हणजे तिचा खोटेपणा कळेल.

हल्ली अशाच तक्त्यांवर पृथ्वीशेजारी बुध, शुक्र, मंगळ आणि चंद्र हेही कापून ठेवलेले असतात. तेच रंग, तेच पट्टे, एकाच साच्यातून काढल्यासारखे. येथे तक्ता नुसता चुकत नाही, तर एक सुंदर गोष्ट हातची घालवतो. बुध सर्वांत लहान. तो केव्हाच थंड होऊन आतपर्यंत गोठला असेल असे वाटावे. पण त्याचा धातूचा गाभा त्रिज्येच्या चार-पंचमांशाहून मोठा आहे आणि त्याचा बाहेरचा भाग अजून द्रव आहे. शुक्राची गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम सांगावी अशी आहे. मॅगेलन यानाने १९९१ मध्ये रडारने टिपलेली चित्रे तीस वर्षे उपलब्ध होती. २०२३ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी ती पुन्हा बारकाईने ताडून पाहिली, तेव्हा त्या वर्षीच्या फेब्रुवारी आणि ऑक्टोबर या आठ महिन्यांत मात मॉन्स पर्वतावरच्या एका मुखाचा आकार बदललेला आढळला. शुक्रावर ज्वालामुखी आजही जागे असल्याचा तो पुरावा मानला जातो. नवे यान लागले नाही, जुन्या चित्रांकडे नव्याने पाहणारे डोळे लागले.

मंगळावर इनसाइट यानाने २०१८ ते २०२२ या काळात भूकंपमापक ठेवला होता. ओल्डहॅम यांचीच पद्धत, फक्त ग्रह वेगळा. २०२१ मध्ये मंगळाच्या गाभ्याची त्रिज्या सुमारे १,८३० किलोमीटर निघाली. २०२३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे ती सुधारून १,६५० च्या आसपास आणली. कारण गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा सुमारे १५० किलोमीटर जाडीचा थर असावा असे दिसले. म्हणजे लाल रंगाचा हट्टच असेल, तर तो मंगळाच्या प्रावरणाच्या तळाशी शोभेल! पण ऑलिंपस मॉन्स या प्रचंड ज्वालामुखीपासून तो थर दीड हजार किलोमीटर खाली आहे.

आणि आता गुरूचा चंद्र आयो. तो ग्रह नाही, पण घडणीने खडकाळ ग्रहांच्याच जातीचा आहे. सूर्यमालेत त्याच्याइतके ज्वालामुखी कोठेही नाहीत. सुमारे चारशे जागे ज्वालामुखी आहेत. गुरूच्या आणि शेजारच्या चंद्रांच्या ओढाताणीत तो सतत मळला जातो आणि त्यामुळे तापतो, हे भाकीत मार्च १९७९ च्या आरंभी प्रसिद्ध झाले, आणि अवघ्या काही दिवसांत व्हॉयेजर-१ च्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोवरचा उद्रेक दिसला. तक्त्याचे म्हणणे कोठे खरे असायचे तर ते येथे: पातळ कवच, खाली रसाचा समुद्र. गॅलिलिओ यानाच्या चुंबकीय नोंदींवरून २०११ मध्ये तसा अंदाजही मांडला गेला. मग डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्युनो यान आयोच्या सुमारे १,५०० किलोमीटर जवळून गेले. गुरूच्या ओढीने आयो किती फुगतो-आवळतो हे त्याच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून मोजले गेले. हा केल्व्हिन यांचाच युक्तिवाद, सव्वाशेहून अधिक वर्षांनी दुसऱ्या खगोलावर चालवलेला. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की कवचाखाली लगेच सर्वत्र पसरलेला शिलारसाचा समुद्र असता, तर आयो यापेक्षा बराच अधिक फुगला असता. तेव्हा तसा उथळ समुद्र तेथे नाही. चारशे ज्वालामुखी असूनही नाही.

येथे ज्यूल व्हर्न आठवतो. भा. रा. भागवतांमुळे तो मराठी मुलांच्या ओळखीचा झाला. १८६४ च्या त्याच्या भूगर्भप्रवासाच्या कादंबरीतली पृथ्वी आतून पोकळ आणि थंडगार आहे, म्हणजे तक्त्याहूनही चुकीची. पण त्यात काका-पुतणे निघण्यापूर्वी भांडतात. पुतण्या खोलीबरोबर वाढणाऱ्या उष्णतेचा हिशेब मांडतो, काका डेव्हीच्या रासायनिक उपपत्तीचा हवाला देतो. काय खरे ते कशावरून ठरवायचे, हा प्रश्न तेथे निदान विचारला जातो. तक्ता तो विचारतच नाही.

विज्ञान प्रदर्शनात मांडलेल्या सोडा-व्हिनेगरच्या ज्वालामुखीबद्दल आम्ही फार लिहीत नाही. वायूच्या बुडबुड्यांमुळे रस उसळतो एवढे त्यातले खरे आहे. तेवढेच सांगून तो दाखवावा.

राहिली भीतीची गोष्ट. महाराष्ट्रात भूकंपाचे धक्के नवे नाहीत. १९६७ साली कोयना, १९९३ साली किल्लारी. पायाखाली रसाचा समुद्र आहे असे ज्याने शाळेत पाहिले, त्याला जमिनीतून गडगडाट ऐकू आल्यावर 'आता खालून लाव्हा येणार' ही अफवा खरी वाटली तर दोष त्याचा नाही. अशा वेळी गावातले लोक शाळेतल्या गुरुजींनाच विचारतात. गुरुजींनी कोयनेजवळच्या गोठणे येथील विवराची हकिकत सांगावी. भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१६-१७ च्या सुमारास तेथे सुमारे तीन किलोमीटर खोल खणण्यात आले. पहिले सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला, तोच आपला काळा कातळ. त्याखाली लागला तो बेसाल्टहूनही कितीतरी प्राचीन ग्रॅनाइटच्या जातीचा खडक, आणि तळापर्यंत तोच होता, घट्ट. फळ्यावरच्या आपल्या पाव गोलात हे विवर एक-तृतीयांश मिलिमीटरही भरत नाही. त्यापुढचे सगळे आपल्याला लहरींनी सांगितले आहे.